देवाच्या नावाने कुणब्याचे रान

(महात्मा जोतीराव फुले यांच्या स्मृतिदिनी वसमत तालुक्यातील एका गावी चावडीपुढे जमलेल्या मंडळींसमोर एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



१८९० साली २८ नोव्हेंबर रोजी जोतीरावांनी देह ठेवला. दरवर्षी या दिवशी आपण त्यांच्या तसबिरीस हार घालतो, चार शब्द बोलतो आणि आपापल्या घरी जातो. यंदा मी ठरविले की हार तर घालावयाचाच, पण त्याबरोबर जोतीरावांनी जन्मभर जे काम केले ते घटकाभर आपणही करावयाचे. ते काम म्हणजे शेतकऱ्याच्या हाती जो सरकारी कागद येतो, तो त्यास त्याच्या बोलीत समजावून देणे.

हे सुचण्यास एक कारण झाले. शाळा सुटतेवेळी चौथीतील एक मुलगी दप्तरातून घडी केलेला कागद काढून मजपुढे उभी राहिली. म्हणाली, "गुर्जी, आजीनं इचारलंय, ह्याच्यात काय लिव्हलंय?" मी घडी उघडली. आत हळदकुंकवाची बोटे उमटलेली होती. कागद भूसंपादनाचा होता. गट नंबर, आकार, घ्यावयाचे क्षेत्र, आणि शेवटी हरकत घेण्याची मुदत. मुदतीचे थोडेच दिवस उरले होते. मी मुलीबरोबर तिच्या घरी गेलो. म्हातारीस विचारले, "आई, हा कागद इतके दिवस कुठे होता?" ती म्हणाली, "देव्हाऱ्यात ठिवला होता बाबा. देवाच्या रस्त्याचा कागद हाय म्हणून सांगितलं. मंग देवाचा कागद देवाजवळच ठिवावा की."

बंधूंनो, त्या माउलीच्या भोळेपणास मी हसलो नाही. मला लाज वाटली ती माझी. गावात शाळा आहे, मास्तर आहे, शिकलेली पोरे आहेत, घरोघर मोबाईल आहे. आणि एका विधवा बाईचे दोन एकर रान जिच्यावर लिहिले आहे ती नोटीस देव्हाऱ्यात हळदकुंकू घेत पडून राहते! जोतीराव आज असते तर त्यांनी प्रथम आम्हा मास्तर लोकांच्या पाठीवर असूड ओढला असता.

म्हणून आज मी त्या कागदावरच बोलणार आहे.

हा रस्ता कोणता, ते आधी नीट समजून घेऊ. वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात गोव्याच्या शिवेवरील पत्रादेवीपर्यंत एक सहापदरी महामार्ग करण्याचे राज्य सरकारने योजिले. त्याचे नाव शक्तिपीठ महामार्ग. २०२५ साली मंजूर झालेल्या आराखड्यात लांबी ८०२ किलोमीटर होती. वाटेत बारा जिल्हे होते, आणि त्यांत आपला हिंगोली जिल्हाही होता. माहूर, तुळजापूर व कोल्हापूर ही तीन शक्तिपीठे, औंढा नागनाथ व परळी वैजनाथ ही दोन ज्योतिर्लिंगे, पंढरपूर, अंबाजोगाई आणि आणखी पुष्कळ देवस्थाने या रस्त्याने जोडली जातील असे सांगण्यात आले. नागपूरहून गोव्यास जाण्यास जे अठरा तास लागतात, ते आठांवर येतील असेही सांगण्यात आले. २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने या कामास मान्यता दिली, आणि सुमारे ७,५०० हेक्टर जमीन घेण्याकरिता २०,७८७ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. त्यानंतर आठवड्याभराने, १ जुलैस, म्हणजे ज्या दिवसास सरकार कृषिदिन म्हणते त्याच दिवशी, ठिकठिकाणचे शेतकरी विरोध करण्यास रस्त्यावर उतरले. आपल्या वसमतकडचेही उतरले.

आता पहिला प्रश्न नावाचा. रस्ता हा रस्ता असतो. त्यास देवाचे नाव का द्यावे?

आपल्या जिल्ह्याचीच एक गोष्ट सांगतो. ती तुम्ही सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. नरसीचा नामदेव शिंपी औंढ्यास नागनाथाच्या दारी कीर्तनास उभा राहिला. पुजाऱ्यांनी त्यास तेथून हाकलले. नामदेव निमूटपणे देवळाच्या मागे गेला व तेथे भजन करू लागला. तेव्हा देऊळच फिरले आणि देवाने नामदेवाकडे तोंड केले. ही आख्यायिका आहे. दगडाचे देऊळ फिरते काय, हा वाद आपण घालीत नाही. लोकांनी ही कथा शेकडो वर्षे का सांगितली, एवढेच पाहू. लोकांस असे सांगावयाचे होते की, देव कष्ट करून खाणाराकडे तोंड करतो. त्यास दलाल लागत नाही. शिंप्याने सुई चालवावी, कुणब्याने नांगर धरावा, कुंभाराने चाक फिरवावे, आणि देवाने त्यांच्या पाठीशी येऊन उभे राहावे, असा आपल्या मुलखाचा देव आहे.

१८७३ साली २४ सप्टेंबर रोजी जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापिला, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व होते. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको. त्या काळी मध्यस्थ म्हणून भिक्षुक उभा होता. तो म्हणे, देवास पावावयाचे तर माझ्या हातावर दक्षिणा ठेव. आज ठेकेदार उभा आहे. तो म्हणतो, देवास पावावयाचे तर माझ्या यंत्राखाली रान ठेव. मध्यस्थ बदलला, धोतर जाऊन पाटलोण आली, पण कुणब्याने देवाच्या नावाने मान खाली घालावी ही अपेक्षा तीच राहिली. रस्त्याच्या कामाचा हिशेब मागितला की देशाचा विरोधी, आणि रस्त्याच्या नावाचा हिशेब मागितला की देवाचा विरोधी! मग विचारावे तरी काय?

बरे, या देवाच्या रस्त्याने देवाकडे जाणार कोण? वारकरी पायी चालतो. खांद्यावर पताका, डोईवर तुळस, वाटेत गावोगाव भाकरी. आपल्या भागातून पंढरीस दिंड्या जातात त्या पायी जातात. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पुरता खुला झाला. त्यावर दुचाकीस व तीनचाकीस मज्जाव आहे. हा नवा रस्ताही त्याच जातीचा, दोन्ही अंगांनी बंदिस्त, ठरावीक जागीच चढावयाचा व ठरावीक जागीच उतरावयाचा. तेव्हा ज्या वारकऱ्याच्या नावाने रस्ता होणार, त्याची दिंडी त्यावरून चालणार नाही. ज्याचे रान गेले, त्याची फटफटी त्यावर चढणार नाही, आणि त्याची बैलगाडी तर नाहीच नाही. मोटारीवाल्याने पथकर भरून भरधाव जावे आणि आपण कुंपणाच्या अलीकडून पाहावे. देवाच्या रस्त्याचा हा न्याय मला तरी समजत नाही.

शिवाय वाट मुळीच नाही असेही नाही. नागपूरहून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर या बाजूने रत्नागिरीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. आपल्याच जिल्ह्यातील वारंगा फाट्यावरून तो गेलेला आहे. तुमच्यापैकी किती तरी जण त्यावरून तुळजापूरला जाऊन आला आहात. तुळजाभवानी काही त्या रस्त्याने भेटावयाची राहिली नाही. जो रस्ता आहे तो रुंद करावा, नीट करावा, औंढ्यास व माहुरास जाणाऱ्या फांद्या सुधाराव्या, असे शेतकरी म्हणतात. त्यास सरळ उत्तर मिळाले पाहिजे.

आता हिशेबाकडे वळू. मी गणित शिकविणारा माणूस आहे, तेव्हा गणित तुमच्यासमोरच करतो. ७,५०० हेक्टर जमीन आणि ८०२ किलोमीटर रस्ता. भागाकार करा. दर किलोमीटरास सव्वानऊ हेक्टरांहून थोडी जास्त, म्हणजे तेवीस एकर जमीन पडते. आपल्या गावात तेवीस एकर म्हणजे किती घरे? मी पाटीवर मांडून पाहिले. दोन-दोन, तीन-तीन एकरांचे आठ-दहा खातेदार झाले. आणि हा केवळ एका किलोमीटराचा हिशेब. शाळेपासून मारुतीच्या पाराकडे जाऊन परत येण्याइतके अंतर!

दुसरे गणित पैशाचे. त्या २०,७८७ कोटींत १२,००० कोटी हे हुडकोकडून घ्यावयाचे कर्ज आहे आणि ८,७८७ कोटी हे त्यावरील संभाव्य व्याज आहे. म्हणजे बारा रुपये मुद्दल आणि पावणेनऊ रुपये व्याज. सावकाराच्या वहीत असे आकडे पाहून आपल्या आज्या-पणज्यांचा ऊर दडपत असे. आणि हा आकडा फक्त जमिनीचा. रस्ता बांधण्याचा खर्च वेगळा. सगळे मिळून तो शहाऐंशी हजार कोटींच्या घरात जाईल असे सांगण्यात आले होते. हे कर्ज फेडणार कोण? सरकारच्या घरी टांकसाळ नाही. पथकर देणारा देईल, आणि उरलेले तुम्ही-आम्ही काडेपेटीपासून खताच्या पोत्यापर्यंत कर भरून देऊ. ज्याची जमीन गेली तोही देईल. आपल्या जमिनीच्या खरेदीचे व्याज आपणच भरावयाचे, असा हा व्यवहार आहे.

तिसरा हिशेब रानाचा. तो कोणत्याही वहीत मांडता येत नाही. आपल्या वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे सरकारनेच कबूल केले की या मातीत, या पाण्यावर, या लोकांच्या हातून होणारी हळद दुसरीकडे होत नाही. हळदीचे रान कसे तयार होते हे मी तुम्हांस सांगावयास नको. बापाने खडक फोडला, आजाने गाळ टाकला, बायकांनी वर्षानुवर्षे शेणखताच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या, तेव्हा ते रान झाले. मृगात बेणे लावले की नऊ महिने सांभाळावयाचे. मग काढा, उकळा, वाळवा, घोळा, आणि मग हिंगोलीच्या वा वसमतच्या बाजारी न्या. अशा मातीचे एक बोट तयार होण्यास माणसाच्या कित्येक पिढ्या जातात, आणि ती डांबराखाली जाण्यास एक सकाळ पुरते. डांबराखाली गेलेले रान पुन्हा नांगरास लागत नाही.

रस्त्याखाली जाते तेवढेच जाते असेही समजू नका. रस्त्यास भराव लागतो. भरावास मुरूम लागतो, तो कोठल्या तरी टेकडीच्या पोटातून येतो. आपली जमीन काळी. पाणी धरते आणि फुगते. पावसाचे पाणी शेतातून ओढ्यात व ओढ्यातून नदीत जावयाचे, त्याची वाट हजारो वर्षांची ठरलेली. मध्ये उंच भराव आडवा आला आणि मोऱ्या कमी वा अरुंद राहिल्या, तर वरल्या अंगाच्या रानात तळे होते व खालच्या अंगाच्या विहिरीची आवक तुटते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर पावसाने काय आणले ते आपण डोळ्यांनी पाहिले. उभे सोयाबीन कुजले, माती खरवडून गेली. अशा मुलखात भिंत घालावयाची तर आधी पाण्यास विचारले पाहिजे. आणि तुकडे पडतात त्याचे काय? विहीर रस्त्याच्या अलीकडे, रान पलीकडे, आणि बैल घेऊन जावयाचे तर बोगदा गाठण्यास दोन कोसांचा वळसा. सातबाऱ्यावर ते रान "वाचले" म्हणून दिसेल. कसणाऱ्याच्या दृष्टीने ते मेलेच.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, तुम्हांस सुधारणाच नको. असे म्हणणे खोटे आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात सरकारने तळी-तलाव बांधावे, बांध घालावे, डोंगरातील पाणी व गाळ वाहून जाऊ न देता शेतात मुरवावा, असे सांगितले आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी भोगावतीवर राधानगरीचे धरण आरंभिले. आपल्या पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे झाली, त्यांच्या कालव्याने वसमतचे रान भिजले. आज आपण ऊस-हळद म्हणतो ती त्याच पाण्यावर. त्या धरणांखाली ज्यांची रानेघरे गेली त्यांचे दुःख खोटे नव्हते, आणि त्यांचे ऋण आपण पुरते फेडले असेही नाही. तरी निदान एवढे म्हणता येते की कुणब्याची जमीन कुणब्याच्या पाण्यासाठी गेली. मी कोणत्याही कामास एकच माप लावतो. घेतले कोणाचे, मिळाले कोणास, आणि घेण्याआधी विचारले का? या मापात जे काम उतरेल त्यास मी पहिले फावडे मारीन. गावोगावच्या पाणंद वाटा पाहा. पावसाळ्यात त्यांत गुडघाभर चिखल होतो. माल रानात अडतो, बाळंतीण वाटेत अडते, पोर शाळेत येत नाही. त्या वाटेस खडी घालावयास पैसा नाही असे ऐकून ऐकून आमचे केस पिकले.

दुसरी बाजूही मी झाकून ठेवीत नाही. आपल्यातील काही जण म्हणतात, "गुरुजी, चांगला भाव देत असतील तर घेऊ द्या. शेतीत राहिले काय?" हे बोलणे मला कडू लागते, पण खोटे लागत नाही. २०२५-२६ च्या हंगामास सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ५,३२८ रुपये जाहीर झाला. मोंढ्यात मात्र पुष्कळांच्या पदरी त्याहून बरेच कमी पडले. बँकेचे कर्ज, पोरीचे लग्न, पोराची नोकरी, यांखाली दबलेल्या माणसाने एकरकमी पैशाकडे पाहिले तर त्यास मी दोष कसा देऊ? दोष त्यास नाही. ज्या व्यवस्थेने शेती इतकी नकोशी केली की रान जाण्यात सुटका वाटावी, तिला दोष आहे. पण त्या बंधूंस माझी एक विनंती आहे. विकावयाचे तर डोळे उघडून विका. रक्कम हाती आली की पहिल्या वर्षी घर, दुसऱ्या वर्षी गाडी, तिसऱ्या वर्षी पाहुणे, आणि चौथ्या वर्षी मजुरी, असे होऊ नये. तेवढ्याच पैशात तेवढेच भिजणारे रान पुन्हा घेता येईल काय, हे आधी बाजारात जाऊन विचारा. रस्ता जवळ आला की शेजारच्या जमिनीचा भावही चढतो, हे विसरू नका.

आता कायद्याचे दोन शब्द. कंटाळू नका, कायदा न वाचल्यानेच आपण बुडालो.

इंग्रजाने १८९४ साली भूसंपादनाचा कायदा केला. सरकारने म्हणावे सार्वजनिक काम, आणि रयतेने उठावे, असा तो होता. देश स्वतंत्र झाला तरी तो साठाहून अधिक वर्षे चालला. पुढे लोकांनी जागोजाग लढे दिले, तेव्हा २०१३ साली नवा कायदा झाला. त्यात म्हटले की जमीन घेण्याआधी त्या कामाचा समाजावर काय परिणाम होईल याची तपासणी करावी, गावात जनसुनावणी घ्यावी, मग पुढे जावे. मोबदल्याची रीतही घातली. बाजारभाव धरावयाचा, खेड्यातील जमिनीस त्यास गुणांकाने गुणावयाचे, आणि येईल तितकीच रक्कम दिलासा म्हणून वर द्यावयाची. गुणांक दोन असला तर बाजारभावाच्या चौपट होते. एक असला तर दुप्पट. आपल्या राज्यात २०२१ मध्ये महामार्गांच्या जमिनीसाठी हा गुणांक दोनावरून एकावर आणण्यात आला. पाहा, एका आकड्याने अर्धे रान कसे जाते! म्हणून तुमच्या निवाड्यात गुणांक कोणता धरला, हे लेखी विचारा. आणि २०१८ साली राज्याने दुरुस्ती करून १९५५ च्या महामार्ग अधिनियमाखाली जी जमीन घेतली जाते तिला त्या नव्या कायद्याच्या तरतुदींतून वगळले. म्हणजे दाराने आलेली तपासणी व जनसुनावणी खिडकीने बाहेर गेली.

मायबहिणींनो, आणि माझ्या कारागीर बंधूंनो, आता विशेष तुमच्याकरिता बोलतो. मोबदला सातबाऱ्यावरील नावास मिळतो. पण रान काय एकट्या सातबाऱ्यावर चालते? बटईने करणारा आहे. रोजाने खुरपणारी बाई आहे. औताचा फाळ शेवटणारा लोहार आहे, गाडी दुरुस्त करणारा सुतार आहे, हळद उकळण्यास दरसाल येणारी टोळी आहे. रान गेले की या सर्वांची भाकर जाते, आणि त्यांच्या नावाचा कागद कोठेच निघत नाही. २०१३ च्या कायद्यात बाधित कुटुंबाची जी व्याख्या केली, तिच्यात शेतमजूर, कूळ, बटईदार आणि कारागीर यांची नावे स्पष्ट घातली आहेत. तीन वर्षांपासून तेथे काम करून त्यावर पोट भरणारा माणूस बाधित धरला आहे. तेव्हा आपण कोणाची भीक मागत नाही. देशाच्या कायद्याने ज्यास माणूस म्हणून मोजले, त्यास या रस्त्याच्या कामातही मोजा, एवढेच आपले मागणे आहे.

हे मी मनचे सांगत नाही. मुळशीचा इतिहास पाहा. १९२१ साली पुण्याजवळ मुळशी पेट्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. मावळे तुरुंगात गेले, बायका-पोरे बांधावर बसली. पण त्या जमिनींपैकी पुष्कळ पुण्याच्या सावकारांच्या नावावर चढलेल्या होत्या. कसणारे मावळे त्यांची कुळे. सावकारांनी पाहिले की कंपनी बरा पैसा देते; ते मोबदल्याच्या बोलण्यास लागले, आणि लढा आतून चिरला. १९२४ पर्यंत तो थांबला. गावे पाण्याखाली गेली, मुंबईस वीज मिळाली, सावकारास पैसा मिळाला. कसणाऱ्या मावळ्याच्या हाती काय आले? शंभर वर्षे झाली, पण धडा तोच आहे. ज्याच्या नावावर आहे तो आणि जो राबतो तो, हे दोघे एका बाजूस उभे राहिले नाहीत तर दोघांपैकी दुबळा बुडतो.

आणि आज आपल्याला कोण कोणापासून तोडीत आहे? हे बोलणे अवघड आहे, पण फुल्यांच्या तसबिरीपुढे ते टाळणे पाप होईल. २ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी दाखल्यांसंबंधी निर्णय काढला. मराठा बांधवांस वाटले, निजामाच्या दप्तरात आमच्या पूर्वजांस कुणबी म्हटले होते, ते आज कामास आले. इतर मागास बांधवांस वाटले, आमच्या ताटातील घास जातो. दोघांच्याही घरी बेकार पोर आहे, दोघांच्याही पोटात भीती आहे. त्या वादाचा निवाडा या चावडीवर होणार नाही. तो न्यायालयात व विधिमंडळात होईल. मी एवढेच पाहतो की एका आळीचे पोर दुसऱ्या आळीच्या पोराशी बोलेनासे झाले आहे. आणि मोजणीचे दगड मात्र कोणाची जात विचारीत नाहीत! मराठ्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या, वंजाऱ्याच्या, महाराच्या इनामाच्या, सर्वांच्या बांधावर ते सारखेच रोवले जातात. दाखल्याच्या वादात तुम्ही दोन पक्ष व्हा, पण रानाच्या प्रश्नात एक व्हा. जोतीरावांनी कुणबी, माळी, धनगर यांस एका पंक्तीस बसविले, ते रिकाम्या हौसेने नव्हे. या सर्वांस लुबाडणारा एकच आहे, म्हणून लुबाडले जाणाऱ्यांनीही एक व्हावे, असे त्यांचे सांगणे होते.

एक होण्याने काय होते, हे दूर जाऊन पाहावयास नको. कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकरी गावोगाव उठले, पक्ष बाजूस ठेवून एका मांडवाखाली बसले, तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना सरकारला मागे घ्यावी लागली. पुढे निवडणुका झाल्या आणि रस्त्याची भाषा पुन्हा सुरू झाली, हेही खरे. म्हणजे एकदा ओरडून भागत नाही. राखण रोज करावी लागते. हुरड्यातल्या रानास जशी राखण लागते तशी.

तेव्हा करावयाचे काय? मी पुढारी नव्हे. मास्तर आहे, मास्तर गृहपाठ देतो. तो पाच ओळींचा आहे.

१. जो कागद येईल तो त्याच दिवशी दोघांकडून वाचून घ्या, आणि त्यावर आल्याची तारीख लिहून ठेवा. शाळेत या, शाळा सुटल्यावर मी रोज तासभर बसेन.

२. हरकत तोंडी घेऊ नका. लिहून द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेली हरकत म्हणजे वाऱ्यावरची बोंब.

३. मोजणीस आले तर पंचनाम्यात विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडे, गोठा, हळदीची भट्टी, सर्व लिहिले का ते पाहा. न वाचता सही वा अंगठा करू नका.

४. वारसाच्या नोंदी आजच करून घ्या. मेलेल्या बापाच्या नावावर रान ठेवून भाऊ भाऊ कोर्टात गेले तर मोबदला वकिलाच्या घरी जातो. बायकोचे नाव सातबाऱ्यास लावा. लक्ष्मीमुक्तीची वाट १९९२ पासून उघडी आहे. ज्या बाईने ते रान खुरपले, तिच्या सहीवाचून ते विकले जाऊ नये.

५. ग्रामसभा भरवा. तेथे बटईदार, मजूर व कारागीर यांची यादी करून ठरावास जोडा. ठराव एकमताने करा, आणि त्याची नक्कल घरोघर ठेवा.

हे पाच केले म्हणून रस्ता थांबेलच असे वचन मी देत नाही. खोटे वचन देणारे पुष्कळ आहेत. त्यांत माझी भर नको. पण एवढे निश्चित होईल की, जे व्हावयाचे ते आपल्याला विचारून होईल, आपल्या डोळ्यांदेखत होईल, आणि आपल्या लेखी उत्तराला लेखी उत्तर द्यावे लागेल.

त्या म्हातारीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तिची हरकत आम्ही त्याच रात्री लिहिली. मी सांगत गेलो आणि तिच्या चौथीतल्या नातीने आपल्या हाताने लिहिले. अक्षर वळणदार आहे पोरीचे. दुसऱ्या दिवशी ती कचेरीत देऊन पोच घेतली. घरी आल्यावर म्हातारीने ती पोच हाती घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि म्हणाली, "आता ही कुठं ठिवू बाबा?" मी म्हणालो, "आई, ही देव्हाऱ्यात ठेवा. हळदकुंकू वाहा. हा कागद तुमचा आहे."

मंडळी, देव कोणाचे रान मागत नाही. रान माणसे मागतात, आणि माणसांस हिशेब विचारता येतो. तो विचारावयास शिकणे हीच जोतीरावांची पूजा. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

सत्याचा जय असो.